संपाच्या घरातली पोरं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपना तालुक्यातली माणसं लालबाग-परळच्या सिनेमावर पुस्तिका काढताहेत म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: तुमचा त्याच्याशी संबंध काय? गिरणगावात आमचं कुणी नव्हतं. तिथली वस्ती कोकणातली आणि घाटावरची. विदर्भातल्या माणसाने कापडगिरणीत जायचं ठरवलं तर तो नागपूरला एम्प्रेस नाहीतर मॉडेल मिलमध्ये जाई, फार तर हिंगणघाट-पुलगावला. मुंबईचा १९८२ चा गिरणी संप आमच्याकडे आला तो पेपरातून, तोही शिळा होऊन.

तरी संबंध आहे. एक कापसाचा. कोरपन्याची काळी जमीन कापूस पिकवते, हंगामात जिनिंगच्या दारात गाड्यांची रांग लागते आणि भावावरून दरवर्षी कास्तकार आणि व्यापारी यांच्यात तेच बोलणं होतं. दुसरा संबंध फारसा कुणी बोलून दाखवत नाही. गडचांदूरचा माणिकगड सिमेंट कारखाना कित्येक वर्षं सेंच्युरी टेक्स्टाइल्स अँड इंडस्ट्रीज या कंपनीचा होता. २०१९ मध्ये तो अल्ट्राटेककडे गेला. वरळीची सेंच्युरी मिल याच कंपनीची. १९८२ च्या संपात जिची पाळी थांबली, त्या गिरणीचं आणि आपल्या तालुक्यातल्या चिमणीचं आडनाव एकच होतं. हा आरोप म्हणून सांगत नाही. कापडातलं भांडवल सिमेंटमध्ये जातं, रसायनात जातं, पुढे जमिनीच्या धंद्यात जातं. त्याला कुठे जायला मनाई नसते. साचा चालवणाऱ्या माणसाला मात्र एका धंद्यातून उठून दुसऱ्या धंद्यात बसता येत नाही. त्याच्या पोराला तर अजिबात नाही. या पुस्तिकेचा विषय ते पोर आहे.

सिनेमा महेश मांजरेकरांचा, २०१० सालचा: ‘लालबाग परळ’. हिंदीत तोच ‘सिटी ऑफ गोल्ड’ म्हणून आला. मूळ जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे १९९७ चं नाटक. पवार स्वतः गिरणगावात वाढलेले, पुढे वर्तमानपत्रात नाटक-सिनेमावर लिहीत राहिले, ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहासाठी त्यांना साहित्य अकादमी मिळालं, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. गिरणगाव बाहेरून बघून त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ होते. आतून लिहिणारे थोडे, आणि आतून लिहूनही आपल्या माणसांचे लाड न करणारे त्याहून थोडे. पवार या शेवटच्या थोड्यांतले.

गोष्ट धुरी कुटुंबाची. चाळीतली एक खोली. अण्णा गिरणीत. आई घर ओढते. मोठा मुलगा बाबा, त्याला लेखक व्हायचंय. मोहनचा जीव क्रिकेटमध्ये. नारू टोळीच्या वाटेवर. मंजू ही एकुलती बहीण. सीमा विश्वास आईच्या भूमिकेत, शशांक शेंडे अण्णा, अंकुश चौधरी बाबा, वीणा जामकर मंजू. आणि नारूच्या मागे फिरणारा स्पीडब्रेकर, म्हणजे सिद्धार्थ जाधव. बोलताना अडखळतो म्हणून त्याला ते नाव पडलेलं.

संपाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण आमच्याकडच्या तरुण मंडळींना दत्ता सामंत हे नावही आता समजावून द्यावं लागतं. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून असंतोष पेटला. प्रभादेवीच्या स्टँडर्ड मिलचे कामगार डॉ. सामंतांकडे गेले, आमचं पुढारपण करा म्हणाले. १८ जानेवारी १९८२ पासून जवळजवळ अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या होत्या. पण खरी गाठ कायद्यात होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगात एकच युनियन प्रातिनिधिक. ती होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, सत्तेतल्या पक्षाच्या मांडीवरची. कामगार ज्याच्यामागे उभे होते त्याच्याशी कायद्याने बोलायचं नाही आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे कामगार नाहीत, असा तो पेच. त्याच वर्षी ऑगस्टात मुंबईच्या पोलिसांनीच बंड केलं, गिरणी कामगारही रस्त्यावर आले आणि लष्कर बोलवावं लागलं. १९८३ मध्ये केंद्राने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या. संप मागे घेतल्याची घोषणा मात्र कधीच झाली नाही. माणसं एकेक करून कामावर गेली, नाहीतर गावाला गेली, नाहीतर कुठेच गेली नाहीत. सामंतांचा खून झाला १६ जानेवारी १९९७ ला, संपाच्या पंधराव्या वर्षदिनाला दोन दिवस उरले असताना.

ज्या संपाला शेवट नाही त्या संपात मोठं होणं म्हणजे काय, हे मला या सिनेमात शोधायचं होतं. दंगल झाली तर पोराला सांगता येतं की त्या दिवशी दगड आले, दुकानं जळाली, बाबांनी दार लावून घेतलं. तिला तारीख असते. संपाची अशांतता घरात शिरते ती दुकानदाराच्या वहीतून. आधी दूध अर्धं होतं. मग क्लासची फी राहते. मग आई चार घरची कामं धरते आणि बाप, ज्याने जन्मभर पाळीच्या भोंग्यावर घड्याळ लावलं, तो भर दुपारी घरात बसलेला दिसतो. मुलाला हे शेवटचं सगळ्यात भीतीदायक असतं. पोलीस आणि लाठ्या नंतर. मग एक दिवस पितळी भांडी फळीवरून नाहीशी होतात, धाकट्याला गावी आजीकडे धाडतात, आणि तो तिथल्या शाळेत नाव घालेपर्यंत वर्ष गेलेलं असतं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जो इतिहास गोळा केला, तो अशा घरगुती तपशिलांनीच भरलेला आहे. ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी ही प्रस्तावना बाजूला ठेवून ते आधी वाचावं, मला राग येणार नाही.

‘लालबाग परळ’ या हिशेबापर्यंत पोचतो का? माझं मत: अर्ध्यापर्यंत. खोलीतली भांडणं अस्सल आहेत. आई ज्या आवाजात पोरांवर ओरडते त्यात माया आणि तिटकारा एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, आणि सीमा विश्वास हे करताना एकदाही आपल्याकडे दयेसाठी बघत नाहीत. पण सिनेमाला खोलीत फार वेळ बसवत नाही. तो पिस्तुलाकडे धावतो. गोळ्या सुटायला लागल्या की प्रेक्षक सरसावून बसतो हे खरं. पण दुधाचा अर्धा झालेला लिटर तिथेच सांडून जातो. नाटकात हे झालं नव्हतं, कारण नाटकाला खोलीबाहेर जाताच येत नाही. ‘अधांतर’मध्ये टोळी, पोलीस, गिरणीचं गेट हे सगळं दाराबाहेर आहे आणि आत येतं ते माणसांच्या तोंडून, घामातून, उशिरा घरी येण्यातून. रंगमंचाची ती अडचण नाटकाचं बळ ठरली. सिनेमाला जिथे हवं तिथे जाता येतं, म्हणून तो गेला.

आणखी एक गोष्ट खटकते, आणि तीच इथे मुद्द्याची. धुरींची मुलं सगळी वाढलेली आहेत. संप त्यांना विशीत गाठतो. त्यांची बोटं भाजतात, पण ती स्वतः विस्तवात घालण्याइतकी ती मोठी आहेत. त्याच चाळीत नऊ वर्षांचं जे पोर जिन्यात बसून हे सगळं बघत असणार, त्याच्या डोळ्यांत कॅमेरा शिरत नाही. वय मोजून बघा. संपाच्या वेळी नऊचं असलेलं पोर १९९२ च्या डिसेंबरात एकोणीसचं होतं. त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मुंबईत ज्या दंगली झाल्या त्यांत रस्त्यावर उतरलेल्या पोरांचं वय हेच. बापाच्या गेटाला कुलूप लागल्यावर ज्यांनी कुठल्या कुठल्या झेंड्याखाली जागा शोधली त्यांची गोष्ट या दोन तारखांच्या मधल्या दहा वर्षांत आहे. मराठी सिनेमाने ती दहा वर्षं अजून नीट उघडलेली नाहीत. ‘शाळा’मध्ये आणीबाणी मुलाच्या डोळ्यांनी दिसते, छान दिसते, पण तिथल्या मुलांच्या घरात महिन्याचा पगार येतो. ‘फँड्री’तल्या जब्याच्या घरात पगार नाही, पण त्याची लढाई जातीशी आहे आणि ती रोजची आहे, तिला संपासारखी सुरुवातही नाही.

तुलनेसाठी बाहेर गेलं की कोळशाच्या जिल्ह्यातल्या माणसाला एक सिनेमा जवळचा वाटतो: स्टीफन डॉल्ड्रीचा ‘बिली एलियट’, २००० सालचा. इंग्लंडच्या उत्तरेला खाण कामगारांची वस्ती, मार्च १९८४ ते मार्च १९८५ चा संप, आणि अकरा वर्षांचा बिली, ज्याला बॉक्सिंग सोडून बॅले शिकायचाय. त्याची आई वारलेली. बाप आणि मोठा भाऊ दोघंही संपावर. नाताळात घरात जाळायला काही नाही तेव्हा बाप आईचा पियानो फोडून चुलीत घालतो. चंद्रपूरच्या खाणीत ज्यांचा बाप होता त्यांना, खाण कामगाराच्या घरात सरपण संपतं हा विनोद किती कडू आहे, ते सांगायला नको. पुढे मुलाच्या परीक्षेच्या खर्चासाठी बाप संप मोडायला निघतो. संपफोड्यांच्या बसमध्ये चढतो. बाहेर मोठा मुलगा निदर्शनात उभा आहे, तो बापाला खिडकीत पाहतो. मग तो धावतो, बापाला अडवतो आणि बाप तिथेच कोसळून रडतो. मला आजवर पाहिलेल्या कुठल्याही संपाच्या सिनेमातला हा सर्वात खरा प्रसंग वाटतो, कारण यात दोघंही बरोबर आहेत. युनियन बरोबर आहे आणि धाकट्याची फी बरोबर आहे. ‘लालबाग परळ’मध्ये मालक इतका दुष्ट आहे की घरातल्या कुणालाच असं फाटावं लागत नाही. परळमध्ये प्रत्यक्षात शेकडो घरं अशी फाटली. कामावर परत गेलेल्याच्या दारावर रात्री थापा पडत, आणि तो परत गेला होता ते बहुतेक वेळा दारामागे झोपलेल्या कुणासाठी तरी.

हे झालं कौतुक. पण बिलीला लंडनच्या शाळेत प्रवेश मिळतो आणि सिनेमा आपल्याला हात धरून बाहेर काढतो. एक पोर सुटलं की बाकीची वस्ती आपण विसरायला मोकळे. केनेथ ब्रॅनाच्या ‘बेलफास्ट’बद्दलही माझी हीच तक्रार आहे, जरा सौम्य. २०२१ चा, बहुतेक काळ्यापांढऱ्यात घेतलेला, ब्रॅनाच्या स्वतःच्या लहानपणावरून लिहिलेला. ऑगस्ट १९६९, गल्लीत प्रोटेस्टंटांचा जमाव कॅथलिक शेजाऱ्यांची घरं फोडायला येतो आणि नऊ वर्षांचा बडी कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढाल म्हणून धरून मध्येच उभा राहतो. बाप सुतारकाम करायला इंग्लंडला जाऊन-येऊन. करांची थकबाकी. आईच्या जिवाला घोर. पुढे एकदा लूट चालू असते तेव्हा बडीही गर्दीबरोबर दुकानात शिरतो आणि धुण्याच्या पावडरचा खोका घेऊन येतो. आई त्याला बखोटीला धरून त्याच गदारोळात दुकानात परत नेते, खोका जागेवर ठेवायला लावते. हे दृश्य हसवतं आणि लगेच हसू गिळायला लावतं. पोराने काय उचललं बघा: टॉफी नाही, खेळणं नाही, घरात लागणारी वस्तू. कामगाराच्या घरातलं मूल दंगलीतही वाणसामानाची यादी विसरत नाही. पण शेवटी बडीचं कुटुंब निघून जातं, आजी मागे राहते, आणि ज्यांना निघताच आलं नाही त्यांच्यासाठी पडद्यावर अर्पणपत्रिकेची एक ओळ येते. ती ओळ मला पुरत नाही.

म्हणून धुरींची खोली. सगळे दोष धरूनही ‘लालबाग परळ’चा मोठेपणा हा की यात कुणीही निसटत नाही. बाबा लिहीत असतो, त्याचं लिखाण त्याला कुठेही घेऊन जात नाही. गिरणी पडते, मॉल उभा राहतो आणि माणसं तिथेच, पण आता पाहुण्यासारखी. मराठी प्रेक्षकाला हे रुचलं नाही असं म्हणतात. मला वाटतं त्याने ते पाहिलं आणि ओळखलं.

आता आपल्या मुलखाकडे. कोरपना तालुक्यात आवारपूर, उप्परवाही, गडचांदूर, नारंडा अशा चुनखडीच्या पट्ट्यावर सिमेंटचे कारखाने उभे आहेत. आवारपूरचा एल अँड टीने ऐंशीच्या दशकात सुरू केला, नंतर तोही अल्ट्राटेकमध्ये गेला. उप्परवाहीचा अंबुजाचा. नारंड्याचा मुरली कंपनीचा कारखाना काही वर्षं बंद पडून होता, २०२० मध्ये दालमियाने घेतला. या कारखान्यांभोवती गोंड, कोलाम, तेलुगू बोलणारे, मराठवाड्यातून डोंगरावर येऊन वसलेले, बिहार-छत्तीसगडचे अशी वस्ती जमली. गिरणगावात एका चाळीत एका गावची माणसं असत. इथे एका गल्लीत चार भाषा. आणि गिरणगावात जे ‘बदली’ होते ते इथे ‘ठेकेदारीवाले’ आहेत, प्रमाण मात्र उलटं. कॉलनीत राहणारे पर्मनंट मूठभर, बाकी गेटपासवर. गेटपास बंद झाला की माणसाला ‘बसवलं’ म्हणतात. संप करायची गरजच उरत नाही. बसवायला कारण लागत नाही, तारीख लागत नाही आणि पेपरात बातमी येत नाही. परळच्या पोराला निदान सांगता येई की माझा बाप संपावर आहे. त्यात एक ताठा होता. बसवलेल्या माणसाचं पोर शाळेत काय सांगेल?

नारंड्याला कुलूप होतं त्या वर्षांत जी पोट्टी प्राथमिक शाळेत होती ती आता कामाच्या वयाला लागली आहेत. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढावा असं म्हणणं सोपं आहे. काढायचा तर कसा, याचा विचार या पुस्तिकेतल्या काही लेखांत आहे. एका लेखात ‘अधांतर’ गडचांदूरच्या कॉलनीत आणायचं तर खोली कशी लागेल याची चर्चा आहे, आणि ती मला फार आवडली, कारण लेखक लगेच अडतो: चाळीत भिंत सगळ्यांची एक असते, भांडण शेजाऱ्याला ऐकू जातं, कंपनीच्या क्वार्टरला कुंपण आहे, आणि बसवलेला माणूस त्या कुंपणाच्या आत राहतच नाही. त्याची खोली भाड्याची, बस्तीतली, तीही पुढच्या महिन्यात दुसरी. नाटकाला लागणारी स्थिर जागाच त्याच्याकडे नाही. आणखी एका लेखात अशांतता हा शब्द इथे कशाकशाला लावायचा असा प्रश्न आहे. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला गडचिरोली आहे, तिथल्या बंदुकीची बातमी सगळीकडे जाते. १९९४ च्या नोव्हेंबरात नागपुरात गोवारी मोर्चात ११४ माणसं चेंगरून मेली, त्यात बाया आणि लेकरं होती. विदर्भात ती आठवण अजून ओली आहे. त्यापुढे गेटपास म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. विचारावं. माझं उत्तर इतकंच की सिनेमाने मोठ्या आवाजाचा प्रसंग निवडला की लहान आवाजाची वर्षं गळून पडतात, आणि पोर त्या वर्षांत वाढतं.

एक सूचना करायला हवी. ‘लालबाग परळ’ पोरांना घेऊन बघण्याचा सिनेमा नव्हे. शिव्या आहेत, रक्त आहे, आणि बाईच्या शरीराकडे बघण्याची कॅमेऱ्याची नजर काही ठिकाणी मला स्वच्छ वाटली नाही. ज्यांच्या बालपणाचा हा विषय त्यांनाच तो दाखवता येत नाही, हा या सिनेमावरचा एक जुना आणि रास्त आक्षेप. त्यांच्यासोबत बघायचा तर ‘बिली एलियट’ बघा, तोही शिव्या धरूनच. आणि नाटकाची संहिता मिळाली तर तिच्यापासून सुरुवात करा. खोली आधी डोळ्यांपुढे उभी राहिली की सिनेमा तिच्याबाहेर कधी आणि का पळतो ते दिसायला लागतं.

एक शेवटची माहिती, जी सिनेमात नाही, कारण ती नंतरची आहे. संपाला तीस वर्षं झाल्यावर, २०१२ मध्ये, म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. गिरण्यांच्या जमिनीचा एक तुकडा कामगारांच्या घरांसाठी ठेवायचा, असं बऱ्याच झगड्यानंतर ठरलं होतं. तोवर कितीतरी कामगार हयात नव्हते. त्यांच्या जागी अर्जावर सही करायला वारस आले. जिन्यात बसलेलं ते नऊ वर्षांचं पोर तेव्हा चाळिशीला टेकलेलं होतं, हातात बापाचा मिलचा पास, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, तिकीट नंबर. अर्जात नातं लिहायची जागा होती, कामगार किती वर्षं कामावर होता तेही लिहायचं होतं. संपाच्या काळात घरात काय संपलं होतं, याचा रकाना नव्हता. पुढची पानं त्या रकान्यासाठी आहेत. कुणी परळचं लिहिलंय, कुणी नारंड्याचं, आणि दोन लेख असे आहेत ज्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. ते आधी वाचा.